मद्यपानानंतरची डोकेदुखी : कारणे आणि धोक्याच्या खुणा

मद्यपान केल्यानंतर काही जणांचे डोके असह्य दुखते. काहींना तेवढेच मद्य घेऊनही विशेष त्रास होत नाही. हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि त्यातून दोन समजुती समाजात रूढ झाल्या आहेत. डोके दुखले म्हणजे दारू खराब होती, ही पहिली. आणि डोके दुखले नाही म्हणजे दारू चोख होती, ही दुसरी. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही समजुती निराधार आहेत. पहिल्या समजुतीमुळे माणूस स्वतःच्या शरीराने दिलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो. दुसरी समजूत त्याहून घातक होय, कारण तिच्यापायी प्रसंगी प्राणाला मुकावे लागते.

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळी येथे अशाच दुर्घटनेत ८० हून अधिक लोकांचा बळी गेला होता. अशा दारूची बाधा प्रारंभी नेहमीच्या डोकेदुखीसारखी व मळमळीसारखी भासते. ‘रात्रीची उतरलेली नाही, झोपू द्या’ असे म्हणून घरची माणसे स्वस्थ बसतात आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. म्हणूनच साधी डोकेदुखी का उद्भवते आणि कोणती डोकेदुखी साधी नसते, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

जुने निरीक्षण

मद्यपान आणि डोकेदुखी यांचा संबंध आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘मदात्यय’ या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मद्यजन्य विकारांचे पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे भेद सांगितले असून परमदाच्या लक्षणांत तहान, डोक्यातील वेदना आणि सांधे फुटल्यासारखे दुखणे यांचा समावेश केला आहे. मद्यपानाच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या त्रासाचे हे वर्णन आजही जुळते.

आधुनिक वैद्यकानेही या डोकेदुखीला आपल्या वर्गीकरणात जागा दिली आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तिचे दोन प्रकार मानले जातात. मद्य घेतल्यापासून ३ तासांच्या आत सुरू होणारी ती तात्कालिक डोकेदुखी, आणि ५ ते १२ तासांनी सुरू होणारी ती विलंबित डोकेदुखी. दोन्ही प्रकार ७२ तासांच्या आत शमतात. ‘हँगओव्हर’ या नावाने ओळखला जाणारा सकाळचा त्रास दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि सर्वाधिक आढळणारा प्रकारही तोच आहे.

शरीरात काय घडते?

बिअर, वाइन, देशी दारू, विदेशी मद्य किंवा मोहाची दारू यांची चव व रंग निरनिराळे असले तरी त्यांतील मादक द्रव्य एकच असते. ते म्हणजे एथिल अल्कोहोल. पोटातून व आतड्यांतून ते रक्तात मिसळते. त्याची विल्हेवाट लावण्याचे काम मुख्यतः यकृत करते.

हे काम टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात यकृतातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, अल्कोहोलचे रूपांतर अ‍ॅसिटाल्डिहाइड या पदार्थात करते. हा पदार्थ मूळ अल्कोहोलपेक्षा अधिक विषारी आहे. दुसऱ्या टप्प्यात दुसरे विकर त्याचे रूपांतर अ‍ॅसिटेट या तुलनेने निरुपद्रवी पदार्थात करते. अखेर त्याचे पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड होऊन ते शरीराबाहेर पडतात. पहिला टप्पा वेगाने पार पडला आणि दुसरा रेंगाळला, तर मधला विषारी पदार्थ साचतो. चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, मळमळ आणि डोकेदुखी हे त्याचे परिणाम होत.

यकृताच्या कामाचा वेग ठरलेला असतो. सर्वसाधारण प्रौढ माणसाचे यकृत ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल निकामी करू शकते. १८० मिलिलिटरच्या, ४२.८ टक्के तीव्रतेच्या बाटलीत, जिला बोलीभाषेत ‘क्वार्टर’ म्हणतात, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. म्हणजे ते संपण्यास ६ ते ८ तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. रात्री ९ वाजता एवढे मद्य घेणाऱ्याच्या रक्तात पहाटेपर्यंत अल्कोहोल असते. थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी वा कडक चहा यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

वेदना नेमकी कोठे होते?

मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदना जाणवते ती मेंदूभोवतीच्या आवरणांत आणि तेथील रक्तवाहिन्यांत, कारण त्या भागात वेदनेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असतात. मद्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरात दाहकारक द्रव्ये वाढतात आणि हे मज्जातंतू चेतवले जातात. शिवाय मद्यामुळे लघवीवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकाचा स्राव घटतो, त्यामुळे लघवीवाटे जास्त पाणी निघून जाते. घसा कोरडा पडणे, थकवा येणे व चक्कर येणे यांचे हे एक कारण आहे. मद्याच्या अंमलाखाली आलेली झोपही गाढ व सलग नसते आणि अपुरी झोप हे डोकेदुखीचे स्वतंत्र कारण आहे. रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास अल्कोहोल रक्तात लवकर चढते आणि रक्तातील साखर उतरण्याचाही संभव असतो.

विशेष म्हणजे दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी रक्तातील अल्कोहोल सर्वाधिक असताना होत नाही. ते उतरून जवळजवळ शून्यावर आले की ती तीव्र होते. म्हणून काही जण सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा थोडी दारू घेतात. त्यामुळे काही काळ बरे वाटते, पण यकृतापुढील काम वाढते आणि त्रास केवळ पुढे ढकलला जातो. सकाळच्या उताऱ्याची गरज भासू लागणे हे व्यसन जडल्याचे एक लक्षण मानले जाते.

काहींनाच अधिक त्रास का?

याचे पहिले कारण आनुवंशिक आहे. वर सांगितलेले दुसरे विकर काही लोकांत जन्मतःच दुबळे असते. जपान, चीन व कोरिया या देशांत असे लोक मोठ्या संख्येने, सुमारे ३० ते ४० टक्के, आढळतात. अर्धा पेला बिअर घेतली तरी त्यांचा चेहरा लाल होतो व डोके दुखू लागते. तरीही पीत राहिल्यास अशा व्यक्तींना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो. भारतात हा जन्मजात दोष क्वचितच आढळतो. तथापि ज्यांना थोड्या मद्यानेही असा त्रास होतो, त्यांनी ‘सवयीने जमेल’ असे मानणे धोक्याचे आहे.

दुसरे कारण अर्धशिशी. अर्धशिशीच्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्ण मद्यामुळे आपला त्रास सुरू होतो असे सांगतात. एका डोळ्यामागे भोसकल्यासारखी तीव्र कळ दिवसांमागून दिवस ठरावीक वेळी येणारी डोकेदुखीही काही जणांत, विशेषतः पुरुषांत, आढळते. त्या काळात मद्याचा एखादा पेलाही तासाभरात ती कळ उभी करतो. असा रुग्ण इतरांपेक्षा ‘कच्चा’ नसतो. त्याला मूळचा आजार असतो आणि त्यावर वैद्यकीय उपचार उपलब्ध आहेत.

तिसरे कारण शरीररचनेचे आहे. वजन कमी असलेल्या माणसाच्या रक्तात तेवढ्याच मद्याचे प्रमाण अधिक चढते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषांच्या मानाने कमी असल्याने त्यांच्या बाबतीतही असेच घडते. वय वाढते तसे मद्य पेलण्याची शरीराची क्षमता कमी होत जाते.

चौथे कारण पेयाच्या घटकांत आहे. आंबवण्याच्या व मुरवण्याच्या क्रियेत अल्कोहोलबरोबर इतर अनेक द्रव्ये तयार होतात. गडद रंगाच्या मद्यांत ती अधिक असतात. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही स्वयंसेवकांना बर्बन व्हिस्की आणि काहींना व्होडका देण्यात आली. बर्बनमध्ये अशी द्रव्ये व्होडकाच्या ३७ पट होती. दुसऱ्या सकाळचा त्रास बर्बन घेणाऱ्यांना अधिक जाणवला. परंतु कामातील एकाग्रता दोन्ही मद्यांमुळे सारखीच घटली. डोके कमी दुखले म्हणून शरीराची हानी कमी झाली, असे होत नाही.

तांबड्या वाइनने होणारी डोकेदुखी हे जुने कोडे आहे. ती टिकवण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या सल्फाइट या द्रव्यांवर याचा ठपका ठेवला जातो. परंतु पांढऱ्या वाइनमध्ये ती पुष्कळदा अधिक असूनही तिच्याविषयी तेवढी तक्रार नसते. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी एक नवा खुलासा मांडला. द्राक्षांच्या सालीत क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य असते आणि सूर्यप्रकाश जास्त मिळालेल्या द्राक्षांत ते अधिक बनते. शरीरात त्याचे जे रूप तयार होते, ते अ‍ॅसिटाल्डिहाइड निकामी करणाऱ्या विकराच्या कामात अडथळा आणते, असे प्रयोगशाळेतील परीक्षणात आढळले. म्हणजे जे जपानी माणसात जन्मतः घडते, ते येथे पेयातील घटकामुळे तात्पुरते घडत असावे, असा हा तर्क आहे.

औषधांशी होणारा संयोग

ग्रामीण भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगे कारण म्हणजे औषधे. १९३७ साली अमेरिकेतील एका डॉक्टरांच्या असे लक्षात आले की, रबराच्या प्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना मद्य सोसेनासे होते. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याच जातीच्या डायसल्फिराम या औषधाचा मद्याशी होणारा संयोग अभ्यासला. हे औषध दुसऱ्या विकराचे काम रोखते. ते घेणाऱ्याने मद्य घेतल्यास डोके ठणकते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारात ते वापरले जाऊ लागले. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळून ते देणे जिवावर बेतू शकते.

आमांशावर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोल व टिनिडॅझोल या गोळ्या, तसेच काही प्रतिजैविके चालू असताना मद्य घेतल्यास असाच त्रास होऊ शकतो, असा इशारा दिलेला असतो. अशी औषधे चालू असताना आणि ती संपल्यानंतर किमान ३ दिवस मद्य टाळावे. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची रक्तशर्करा मद्यामुळे एकाएकी घसरू शकते. गुंगी आणि डोकेदुखी ही तिचीही लक्षणे आहेत. ‘चढली आहे’ असे समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

साध्या डोकेदुखीवर काय करावे?

विश्रांती, पुरेसे पाणी, हलका आहार आणि वेळ हेच उपाय होत. पाण्याने तहान व कोरड जाते, परंतु डोकेदुखी टळतेच असे नाही. वेदनाशामक गोळ्यांबाबत सावधगिरी हवी. पॅरासिटॅमॉल अधिक प्रमाणात घेतल्यास यकृताला इजा करते आणि नेहमी पिणाऱ्याच्या बाबतीत हा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन यांमुळे मद्याने आधीच दुखावलेल्या जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. दारू उतरवणारे वा डोकेदुखी हमखास टाळणारे म्हणून विकले जाणारे कोणतेही औषध शास्त्रीय कसोटीस उतरलेले नाही. ही डोकेदुखी टाळण्याचा खात्रीचा मार्ग मद्य न घेणे हाच आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

ही डोकेदुखी साधी नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषारी दारूच्या दुर्घटनांमागे बहुधा मेथिल अल्कोहोल असते. हा रंग, रसायने व इतर उद्योगांत लागणारा द्रव आहे. काळा गूळ व नवसागर घालून लावलेल्या हातभट्टीच्या दारूतही घाण व धोका असतोच. परंतु शेकडो बळी घेणाऱ्या घटनांत बहुतेक वेळा उद्योगासाठी असलेले मेथिल अल्कोहोल चोरट्या मार्गाने आणून, पाणी मिसळून दारू म्हणून विकलेले आढळते. मालवणीत हेच घडले. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात ४० हून अधिक आणि जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे ६० हून अधिक माणसे याच विषाने दगावली.

मेथिल अल्कोहोल दिसण्यात, वासात आणि चवीत साध्या अल्कोहोलहून वेगळे ओळखता येत नाही. ते पेटवून पाहणे, हातावर चोळून पाहणे असल्या कसोट्या निरुपयोगी आहेत. नशाही येते आणि प्रारंभी डोके दुखेलच असेही नाही. यकृतातील विकरे त्याचे फॉर्माल्डिहाइड व पुढे फॉर्मिक आम्ल बनवतात, आणि हे आम्लच खरे घातक होय. ते रक्तात साचते, पेशींना प्राणवायूचा उपयोग करू देत नाही आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टितंतूवर आघात करते. अवघे १० मिलिलिटर शुद्ध मेथिल अल्कोहोल कायमचे अंधत्व आणू शकते आणि ३० मिलिलिटर प्राण घेऊ शकते.

येथे वेळेचा घात होतो. हे आम्ल साचण्यास साधारणतः १२ ते २४ तास लागतात. दारूत एथिल अल्कोहोलही मिसळलेले असेल तर आणखी विलंब लागतो, कारण विकरे आधी एथिल अल्कोहोलकडे वळतात. म्हणून रात्री प्यालेला माणूस सकाळी उठतो, कधी कामालाही जातो, आणि नंतर त्याला डोकेदुखी, मळमळ व पोटात कळा सुरू होतात. घरच्यांना तो नेहमीचाच त्रास वाटतो. पुढील खुणांपैकी एकही दिसल्यास ती डोकेदुखी साधी समजू नये :

१. नजर अंधूक होणे, डोळ्यांपुढे धुके वा पांढरे पडल्यासारखे दिसणे, उजेड सहन न होणे.
२. श्वास जोरजोरात व खोल चालणे.
३. पोटात तीव्र कळा आणि न थांबणाऱ्या उल्ट्या.
४. वाढत जाणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके येणे.
५. एकाच ठिकाणी प्यालेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होणे.

याखेरीज मद्याच्या अंमलात पडून डोक्याला मार लागला असेल आणि नंतर डोकेदुखी वाढत असेल, तर कवटीच्या आत रक्तस्राव झाला असण्याचा संभव असतो. आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू होणे, मान ताठणे किंवा हातपाय लुळे पडणे या खुणाही तितक्याच गंभीर आहेत.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुंगीत असलेल्या रुग्णाला कुशीवर झोपवावे, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, तोंडात पाणी ओतू नये. वेळेत उपचार मिळाल्यास विकराचे काम रोखणारे प्रतिविष देता येते, रक्तातील आम्लता उतरवता येते आणि डायलिसिसने विष काढून टाकता येते. रुग्णालयात काही वेळा एथिल अल्कोहोलच मोजून प्रतिविष म्हणून दिले जाते. परंतु घरी दारू पाजणे हा त्याला पर्याय नाही. तसे केल्याने लक्षणे झाकली जातात आणि वेळ वाया जातो. शिल्लक राहिलेली दारू वा बाटली फेकू नये. ती तपासणीसाठी जपून ठेवावी.

गावाची जबाबदारी

अशा घटनांत भीतीपोटी माहिती दडवली जाते. प्यालेला माणूस चोरून प्यालेला असतो, घरच्यांना पोलिसांची धास्ती असते आणि विकणारा गावातलाच असतो. रुग्णाचा जीव मात्र डॉक्टरांना खरी हकिगत कळण्यावर अवलंबून असतो. एक रुग्ण आढळताच त्याच्याबरोबर आणखी कोण प्याले याची चौकशी करून, बरे वाटत असले तरी त्या सर्वांना तपासणीस नेले पाहिजे. हे काम सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील आणि आशा सेविका यांनी मनावर घेतले तर तासाभरात होण्यासारखे आहे. पोलिसांना आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला त्याच वेळी वर्दी दिल्यास उरलेली दारू इतरांच्या पोटात जाण्यापूर्वी पकडता येते.

शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला हा विषय सहज मांडता येईल. रात्री प्यालेल्या बापाला ‘दिसत नाही’ असे म्हणताना प्रथम ऐकणारे बहुधा घरातील मूलच असते. त्या वाक्याचा अर्थ त्याला ठाऊक असेल तर ते शेजाऱ्याला हाक मारील. ज्यांना दारू सोडावयाची आहे, त्यांच्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात. म्हणून हे पाऊल वैद्यकीय सल्ल्यानेच टाकावे.

डोके दुखले वा न दुखले, यावरून दारूची पारख होत नाही. पण दुखणाऱ्या डोक्याबरोबर नजर अंधूक झाली, तर सकाळ होण्याची वाट पाहावयाची नाही, एवढी गोष्ट जरी प्रत्येक घरी पोहोचली, तरी अनेकांचे डोळे आणि अनेकांचे प्राण वाचतील.